पंचविसावा आकडा

ताईला राग आला की ती भांडी आपटत नाही. ती अवयव पाडते. समोर जो आकडा दिसेल त्याचे. बसचं तिकीट, औषधाची बाटली, घरमालकाच्या गाडीची पाटी, काहीही चालतं. ओठ घट्ट मिटून ती त्या आकड्याकडे बघत राहते, मग म्हणते, "तेरा गुणिले एकशे सात," आणि आपल्याला वाटतं की हा आकडा आता पुन्हा कुणाच्या कामाचा राहिला नाही.

त्यामुळे जी एक संख्या तिला कधीच फोडता येणार नव्हती, तिच्यावर तिचा जीव जडला यात नवल काही नाही. ती संख्या अशी:

३५७६८६३१२६४६२१६५६७६२९१३७

चोवीस आकडी आहे आणि मूळ आहे. मूळ म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कुणीही तिला पूर्ण भागू शकत नाही. सात किंवा एकोणीस असतात तशीच, फक्त अंगाने जास्त. पण तिची खरी खोड वेगळीच. डावीकडचा आकडा पुसून टाका, उरते ती संख्याही मूळच असते. आणखी एक पुसा, तरी मूळ. असं पुसत पुसत शेवटचा सात उरेपर्यंत जा, मधे कुठेही ती फुटत नाही. शून्य न वापरता अशा संख्या एकूण चार हजार दोनशे साठ बनतात. त्यांतल्या तेवीस आकडी तीनच आहेत. चोवीस आकडी ही एकटी. आणि पंचवीस आकडी एकही नाही. कुणाला अजून सापडली नाही असा प्रकार नव्हे. नाहीच.

ही संख्या ताईने शोधलेली नाही, हे ती स्वतःच आधी सांगते. फार पूर्वी कुणीतरी यंत्राला जुंपून शोधली. "शोधली आणि दिली सोडून," ती म्हणते, जणू कुणी लेकरू स्टेशनवर विसरून गेलं असावं.

ताई विज्ञान केंद्रात नोकरीला आहे. केंद्रात वेडेवाकडे दाखवणारे आरसे आहेत, एक लंबक आहे, आणि एक कवटी आहे जिला हात लावू नका असं लिहिल्यामुळे सगळे हात लावतात. संख्यांचं दालनही होतं, पण त्यात जास्तीच्या खुर्च्या ठेवत. त्या खुर्च्या हलवायला ताईला तीन वर्षं लागली. त्या हलल्यावर तिने लांबोळक्या दालनाच्या फरशीत हे चोवीस आकडे बसवायचं ठरवलं. पितळेचे, ताटाएवढे, एका ओळीत. माणसाने दारातून आत यायचं, डावीकडच्या तिनावर उभं राहायचं आणि चालू लागायचं. मागे टाकलेला आकडा विसरायचा. पायाखालून पुढे जे उरलंय ते दर पावलाला मूळ. भिंतीवर पाटी: 'अशी जगात एकच आहे.'

आकडे मी ओतले. मी ओतकामाच्या कारखान्यात आहे. वाळूत साचा दाबायचा, पितळ वितळवायचं, ओतायचं, थंड झालं की घासायचं. या संख्येत सहा सात वेळा येतो आणि नऊ एकदाच, त्यामुळे नवाचा वेगळा साचा केलाच नाही, सहाचाच उलटा धरला. ताईला हे सांगितलं तर म्हणाली, "कामचुकार." पण हसली. ती शेवटची हसली ते तेव्हा.

आकडे पोचवायला गेलो तेव्हा संचालकांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. संचालक याआधी जलतरण तलावावर होते. तिथे त्यांनी तलावाची लांबी वाढवून दाखवली होती, तेव्हापासून जगात वाढवता न येणारी वस्तू असते हे त्यांना पटेनासं झालं होतं.

"आणि हे कोण?"

"आकडे ओततो तो. माझा भाऊ."

"घरचंच माणूस! मग तर काय, कामच झालं. मॅडम, एक गोड बातमी आहे. आपल्या दालनाला मदत करणारे गादीवाले साहेब आहेत ना, त्यांच्या कारखान्याला यंदा पंचवीस वर्षं होताहेत. आणि आपले आकडे किती? चोवीस! बघा, किती थोडक्यात चुकतंय."

"काय चुकतंय?"

"एक कमी पडतोय."

"कमी पडत नाहीये. तेवढेच आहेत."

"तेच म्हणतो मी. एकच तर वाढवायचाय."

ताईने खुर्ची पुढे ओढली. मला माहीत होतं आता काय होणार. मी मुकाट्याने टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो.

"डावीकडे दोन, पाच किंवा आठ लावला तर तीनने भाग जातो. कुणीही बेरीज करून बघावी. तीन लावला तर सातने जातो. सहा लावला तर अकराने. सात लावला तर तेवीसने. राहिले एक, चार आणि नऊ. त्यांचे अवयव जरा शोधावे लागतात, पण आहेत. सर, नऊच अंक आहेत हो, मी नवांशीही बोलून आले."

"तुम्ही फार नकारात्मक विचार करता, मॅडम."

"मी भागाकार करते."

"बरं, मधेच कुठेतरी घुसवू. चोवीस काय, पंचवीस काय. कुणाला कळणारे?"

"मला."

"तुमच्याशिवाय?"

ताईने खरंच विचार केला. तिची हीच पंचाईत आहे, मूर्ख प्रश्नालाही ती प्रामाणिक उत्तर शोधते. "सध्या कुणालाच नाही," ती म्हणाली. "म्हणून तर दालन उभं करतेय."

खोलीत शांतता पसरली. अशी शांतता मला सोसत नाही. अशा वेळी माझ्या तोंडातून काहीतरी निघतंच, आणि आजवर त्यातून कुणाचं भलं झाल्याचं ऐकिवात नाही.

"शून्य लावा," मी म्हणालो. "डावीकडे शून्य लावलं तर किंमत बदलत नाही. आकडे पंचवीस, संख्या तीच."

संचालक उभे राहिले. टेबलाला वळसा घालून आले आणि माझा हात दोन्ही हातांत घेऊन हलवू लागले. "याला म्हणतात डोकं!" मला भारी अभिमान वाटला. मान वळवून ताईकडे बघेपर्यंत तो टिकला.

घरी येताना ती रस्त्याकडेला उभ्या गाड्यांचे नंबर फोडत चालली होती. एका पिवळ्या गाडीपाशी थांबली, बराच वेळ बघितलं आणि तो मूळ निघाला म्हणून आणखीच चिडली.

"काय झालंय हिला?" दार उघडताच आईने विचारलं.

"तुझ्या दिवट्याला विचार. संचालकांनी त्याचा हात हातात घेतलाय."

मी सांगितलं. आईने शांतपणे ऐकलं आणि बोलू नये ते बोलली. "शून्याने काय बिघडतंय गं? तूच सांगतेस ना, डावीकडच्या शून्याला किंमत नसते म्हणून."

"म्हणूनच, आई! म्हणूनच!" ताईचा आवाज असा चढला की शेजाऱ्यांचा रेडिओ बंद झाला. "सगळ्या खेळाची पहिली अटच ती आहे, शून्य घ्यायचं नाही. ते चालत असतं तर मी हजार आकडी केली असती. तू केली असतीस. यानेसुद्धा केली असती! शून्यावरून पुढे पाऊल टाकलं की मागे काय पडतं? काही नाही. दारातून आत आलेला माणूस पहिल्याच पावलाला शिकणार की इथे काही घडत नसतं. मग तो पुढची चोवीस पावलं काय बघणार, माझं डोंबल?"

"मी विनोद केला होता," मी म्हणालो.

"तुझ्या विनोदाला मंजुरी मिळालीये."

आई म्हणाली, "तुम्हा दोघांना एका घरात ठेवलं हीच माझी चूक झाली," आणि आत गेली. ताई जेवली नाही. माझ्याशी बोलायची वेळ आली की ती आईशी बोलायची. मी समोर बसलेलो असताना म्हणायची, "त्याला सांग, मीठ दे."

मग मी ठरवलं की आपणच घातलेला घोळ आपणच निस्तरायचा. संचालकांना सांगून उपयोग नव्हता, ते माझ्यावर खूश होते. मी थेट गादीवाल्यांच्या कारखान्यावर गेलो.

त्या कारखान्यात पाहुण्याला खुर्ची देत नाहीत. मला एका मोठ्या खोलीत नेलं. तिथे साहेब एका गादीवर आडवे पडले होते, डोळे छताला लावून, बूट काढून. त्यांनी शेजारच्या गादीकडे बोट दाखवलं. मी आडवा झालो. आमचं सगळं बोलणं अशा स्थितीत झालं, दोन रोगी झोप येत नाही म्हणून गप्पा मारतात तसं.

"बोला."

"त्या पंचविसाव्या आकड्याबद्दल आलोय. तो नकोच. चोवीसच राहू द्या."

"का? माझा आकडा कोणता आहे?"

"शून्य."

त्यांची गादी कण्हली. ते उठून बसले नाहीत, पडल्या पडल्याच लाल झाले. झोपलेला माणूस एवढा संतापलेला मी प्रथमच बघत होतो. "शून्य? पंचवीस वर्षं मी लोकांच्या पाठी सांभाळल्या, आणि मला शून्य? दारातच? सगळ्यांच्या पुढे?"

"तेच म्हणतोय, काढून टाका. कारण काय आहे, की ती संख्या—"

"सगळ्यात मोठा आकडा कोणता?"

"तसा आकड्यांना शेवट नसतो."

"एका फरशीवर मावणारा! अक्कल शिकवू नका!"

"नऊ."

उशीखालून त्यांनी फोन काढला. "संचालक? नऊ बसवा. हो, नऊ. शून्य घाला तुमच्या घरी." फोन पुन्हा उशीखाली गेला.

"साहेब, पण नवाने ती संख्या फुटते—"

"उठा आता तुम्ही."

त्या गादीवरून उठायलाही वेळ लागतो. बनवतात छान.

हे घरी सांगितलं तेव्हा ताई ओरडेल असं वाटलं होतं. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि त्या दिवसानंतर प्रथमच थेट माझ्याशी बोलली. "शून्य निदान मुकं होतं," ती म्हणाली. "हा खोटं बोलणार."

मला तिच्याइतकाच राग आला होता, पण माझा राग कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं. संचालकांवर ठेवावा तर शून्य माझं, गादीवाल्यांवर ठेवावा तर नऊ माझ्याच तोंडून निघालेला.

"राजीनामा दे," आई म्हणाली. "घरी बस आणि डब्याडब्यांचे अवयव पाड."

"मी गेले तर तो नऊ कायमचा बसेल. वर पाटी असेल, अशी जगात एकच आहे, आणि खाली भलतीच संख्या. आणि ती भलती आहे हे सांगायला तिथे कुणी नसेल. बघायला येणारी पोरं तीच पाठ करतील. नाही. मी जाणार नाही. त्यांनी मला काढायचं तर काढू देत, पण त्या फरशीवर उभं राहून बोलल्यावर."

नऊ मला ओतावा लागला. मालक म्हणाले, गिऱ्हाइकाने सांगितलं की ओतायचं. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी ओतला असता. हे वाक्य मी स्वतःला ऐकवून बघितलं, मला आवडलं नाही, तरी ओतला. सहाचा साचा उलटा धरला आणि पितळ सोडलं. दुर्दैवाने अप्रतिम उतरला. एक बुडबुडा नाही.

उद्घाटनाच्या सकाळी दालन माणसांनी भरलं होतं. दाराशी फीत होती, तबकात कात्री होती. नऊ आदल्याच दिवशी बसवलेला असल्याने त्याच्या कडेचं सिमेंट अजून काळपट ओलं होतं. संचालकांनी भाषण केलं. त्यात तलाव दोनदा आला, संख्या एकदाही आली नाही. मग गादीवाल्या साहेबांना मानाने नवावर उभं केलं, फोटो निघाले, आणि संचालकांनी माइक ताईच्या हातात दिला. "मॅडम आता थोडक्यात गंमत सांगतील."

ताईने गंमत सांगितली.

"आपण ज्या आकड्यावर उभे आहात," ती गादीवाल्यांना म्हणाली, "त्याच्यामुळे ही संख्या खोटी झालेली आहे. ही मूळ संख्या नाही. हिला भाग जातो. वर जे लिहिलंय ते या घटकेला धादांत खोटं आहे."

संचालक मोठ्याने हसले आणि लोकांनीही हसावं म्हणून इकडेतिकडे बघू लागले.

"उतरा," ताई म्हणाली.

"काय?"

"उतरा त्याच्यावरून. पुढे या, तिनावर."

साहेब बिचकले आणि एक पाऊल पुढे आले.

"आता खरी झाली."

आणि टाळ्या पडल्या. संचालकांनी सुरुवात केली आणि सगळ्या दालनाने कडाडून टाळ्या वाजवल्या. साहेबांच्या पावलाने संख्या खरी झाली, असा अर्थ सगळ्यांनी घेतला होता. कुणीतरी हार पुढे आणला. एवढ्या दिवसांचा साठवलेला राग ताईने भर सभेत ओतला होता आणि त्याचा सत्कार झाला होता. तिच्या कपाळाची शीर मला लांबून दिसत होती.

"टाळ्या कसल्या वाजवताय!" ती माइकवर ओरडली. आणखी वाजल्या.

पण गादीवाले टाळ्या ऐकत नव्हते. ते खाली बघत होते. त्यांनी हार हाताने बाजूला सारला आणि एक पाऊल मागे घेऊन पुन्हा नवावर चढले.

"आता?"

"फुटली," ताई म्हणाली.

ते पुढे आले. "आता?"

"मूळ."

मग ते तिनावरून पाचावर गेले. "इथून?"

"मूळ."

सातावर. "इथून पण?"

"शेवटपर्यंत. कुठेही उभे राहा."

ते सरळ चालत शेवटच्या सातापर्यंत गेले. दर आकड्यावर थांबून वळून बघत, ताई दर वेळी होकाराची मान हलवी. शेवटाला पोचून ते तसेच माघारी आले आणि नवापाशी थांबले.

"म्हणजे एवढ्यांत बिघाड फक्त माझ्या आकड्यात आहे."

"हो."

"हे मला कुणी सांगितलं नाही."

"मी पहिल्या दिवसापासून सांगतेय. यांना."

संचालकांना एकाएकी छताचं काम आवडू लागलं होतं. साहेबांची नजर माझ्यावर आली. "तू आला होतास. तू का नाही बोललास?"

"बोलत होतो. तुम्ही उठा म्हणालात."

"मी म्हणालो म्हणून उठतात होय?" ते माझ्यावर डाफरले. मग संचालकांवर. "आणि पंचवीस पाहिजेत हे काढलं कुणी? मी म्हटलं होतं, चोवीस म्हणजे पंचविसाच्या जवळ आहे, छान योग आहे. एवढंच! नऊ मी मागितला, ते कबूल. त्यापेक्षा मग शून्यच बरं होतं की."

"नाही!" ताई एवढ्याने म्हणाली की माइकने शिट्टी मारली.

"नाही तर नाही," साहेब म्हणाले. "काढा हा."

"कार्यक्रम झाला की लगेच—" संचालक म्हणाले.

"आत्ता," ताई म्हणाली.

छिन्नी माझ्याकडे नव्हती. मी इस्त्रीचे कपडे घालून आलो होतो. मी तबकातली फीत कापायची कात्री उचलली, गुडघ्यांवर बसलो आणि नवाच्या कडेने घुसवली. एक पातं तिथेच मोडलं. मग केंद्राच्या सुताराने मागून छिन्नी आणि हातोडा दिला. ओल्या सिमेंटमुळे नऊ सुटला खरा, पण शेजारच्या फरशीचा टवका घेऊनच आला, आणि दाराशी चांगला हातभर खड्डा पडला. गादीवाल्यांनी तो नऊ माझ्या हातातून घेतला आणि कोटाला सिमेंट लागत असताना पोटाशी धरून उभे राहिले.

"मॅडम, हा खड्डा," संचालक कुजबुजले. "पाहुणे पडतील."

"बघून चालतील."

तिने माइक ठेवून दिला. तिला त्याची गरज नव्हती. "रांग लावा," ती सगळ्या दालनाला म्हणाली, शिस्त मोडलेल्या वर्गाला म्हणावं तसं. "खड्डा ओलांडून या. पहिला आकडा तीन. एका आकड्यावर एकच माणूस. अहो काका, मागे बघू नका! मागचं संपलं. पुढे काय उरलंय ते बघा."

लोकांनी निमूटपणे रांग लावली. कुणी हसत नव्हतं, टाळ्याही वाजवत नव्हतं. चष्मेवाल्या एक आजी मधेच थांबून म्हणाल्या, "बाई, इथून पण नाही का जात भाग?" ताई म्हणाली, "नाही जात," आणि त्या मान डोलावत पुढच्या आकड्यावर गेल्या. मीही हात झटकून रांगेत घुसायला गेलो.

"तू शेवटी," ताई म्हणाली.

मी शेवटी थांबलो, संचालकांच्याही मागे. माझी पाळी येईतो दालन जवळपास रिकामं झालं होतं. मी खड्डा ओलांडून तिनावर पाय ठेवला. ताई भिंतीच्या कडेने माझ्याबरोबर चालू लागली. दर पावलाला ती दातओठ खात "मूळ" म्हणत होती, माझे अपराध मोजावेत अशा आवाजात, आणि चोवीसही वेळा खरं बोलत होती.